रक्त द्यावे, प्लेटलेट द्याव्यात की प्लाझ्मा? दात्याने कसे ठरवावे

विचारणारे गृहस्थ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. वय ३१, वजन ५८ किलो, गट बी पॉझिटिव्ह. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. गणेशोत्सवातल्या शिबिरात त्यांनी रक्त दिले. तीन आठवड्यांनी गल्लीतल्या एका तरुणाला डेंग्यू झाला. रुग्णालयाने ‘एसडीपीसाठी, म्हणजे यंत्राने काढायच्या प्लेटलेटसाठी, दाता आणा’ असे सांगितले, हे धावत गेले, पण ‘नुकतेच रक्त दिलेय, चालणार नाही’ म्हणून त्यांना परत पाठवले. आता त्यांचे तीन प्रश्न आहेत. पुढे शिबिरात रक्त द्यावे की प्लेटलेटसाठी स्वतःला राखून ठेवावे? प्लाझ्मा वेगळा देता येतो का? आणि पत्नीने काय द्यावे? तिचे वय २८, वजन ४७ किलो, मूल दोन वर्षांचे आहे.

आधी थोडक्यात उत्तर. तुम्ही वर्षातून दोनदा, जमल्यास तीनदा, नेहमीचे पूर्ण रक्त द्या. एक दान भर उन्हाळ्यात करा. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात शिबिरात बसू नका, त्या चार महिन्यांसाठी रक्तपेढीत प्लेटलेट दाता म्हणून नाव नोंदवा. प्लाझ्मा वेगळा द्यायची गरज नाही, तो तुमच्या पूर्ण रक्तातूनच निघतो. पत्नीने पूर्ण रक्त द्यावे, ३५० मिली, तेही हिमोग्लोबिन नीट असेल तरच.

हे असे का, ते पिशवी पुढे कुठे जाते हे पाहिले की कळते. शिबिरात घेतलेले रक्त आहे तसे रुग्णाला चढवण्याचे दिवस बहुतांशी संपले. पिशवी मोठ्या यंत्रात वेगाने फिरवली जाते. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि यंत्राच्या वेगानुसार प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, वेगळ्या काढता येतात. एका दानातून तीन पिशव्या होतात आणि त्या तीन वेगळ्या रुग्णांना जाऊ शकतात. तांबड्या पेशी अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, शस्त्रक्रिया, थॅलेसेमिया यांसाठी लागतात. प्लाझ्मा रक्त गोठण्यात बिघाड झालेल्याला, भाजलेल्याला, यकृत बिघडलेल्याला देतात. प्लेटलेट डेंग्यूतल्या रक्तस्रावात आणि कर्करोगाच्या रुग्णांना लागतात.

तिघींचे आयुष्य मात्र फार वेगळे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात साध्या पिशवीत ३५ दिवस आणि पोषक द्रावण मिसळलेल्या पिशवीत ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवला की वर्षभर राहतो. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर ठेवूनही फक्त पाच दिवस. त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात. कोणते दान कधी द्यायचे, याचे बरेचसे उत्तर या तीन आकड्यांत आहे. प्लाझ्मा साठवता येतो, तांबड्या पेशी महिनाभर पुरवता येतात, प्लेटलेटचा साठा करताच येत नाही. त्यासाठी हाकेला धावून येणारा दाताच लागतो.

प्लेटलेटची पिशवी चांगली आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच दाबायची. पेशी निरोगी असतील तर आत झुळूक फिरल्यासारखी चमक हलते, रेशमी कापड उन्हात हलवल्यावर दिसते तशी. पेशी बिघडल्या असतील तर द्रव नुसता गढूळ, निर्जीव दिसतो. थंडी लागली, हलवणे बंद पडले, दिवस उलटले की ही चमक जाते.

म्हणूनच शिबिरात एक प्रश्न जरूर विचारा: ‘या पिशव्यांचे घटक वेगळे होणार का?’ प्लेटलेट काढायच्या असतील तर रक्त घेतल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत पिशवी प्रयोगशाळेत पोहोचून फिरायला लागते, आणि तोवर ती बर्फात ठेवून चालत नाही. शहरातल्या शिबिरात हे सहज जमते. करमाळा किंवा माळशिरसच्या टोकाच्या गावात, एप्रिलच्या ४२ अंशांत, संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या शिबिरात अवघड जाते. तिथल्या पिशव्या थंड पेट्यांतून आणतात, म्हणजे प्लेटलेट गेल्या, तांबड्या पेशी मात्र उत्तम मिळतात. ते दान वाया गेले असे मुळीच नाही. तुम्हाला ज्या कारणासाठी द्यायचे आहे ते साधणार का, एवढेच त्यातून कळते.

आता ३५० की ४५० मिली. शरीराच्या वजनामागे किलोला आठ मिली हा हिशेब असतो. ४५ किलोपासून ३५० मिली घेता येते, ५५ किलोच्या वर ४५० मिली. तुम्ही ५८ किलोचे आहात, म्हणजे दोन्ही चालेल. पेढीकडे ४५० मिलीच्या पिशव्या असतील आणि आधीच्या दानानंतर चक्कर आली नसेल तर ४५० द्या, त्यातून घटक अधिक भरीव निघतात. पण हा आग्रह नाही. सीमेवर वजन असलेल्याने, पहिल्यांदा देणाऱ्याने ३५० वरच थांबलेले बरे. पहिल्याच वेळी चक्कर येऊन पडलेला माणूस पुन्हा येत नाही, हा तोटा १०० मिलीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

प्लेटलेट दानाबद्दल नीट सांगतो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट. एका हातातून रक्त यंत्रात जाते, तिथे प्लेटलेट आणि थोडा प्लाझ्मा बाजूला निघतो, तांबड्या पेशी परत तुमच्याच शिरेत येतात. काही यंत्रांना दोन हात लागतात, काहींना एकच. ६० ते ९० मिनिटे हात सरळ ठेवून पडून राहावे लागते. पूर्ण रक्ताच्या एका पिशवीतून साधारण साडेतीन ते साडेपाच हजार कोटी प्लेटलेट मिळतात, तर एसडीपीच्या एका पिशवीत किमान तीस हजार कोटी असाव्या लागतात. म्हणजे सहा-सात शिबिर दात्यांचे काम एका बैठकीत होते. प्रौढ रुग्णाचा काउंट, म्हणजे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधली प्लेटलेटची संख्या, पूर्ण रक्तातून काढलेल्या साध्या एका पिशवीने पाच ते दहा हजारांनी वाढतो, एसडीपीने तीस ते साठ हजारांनी.

यासाठीच्या अटी जास्त कडक आहेत. वय १८ ते ६०, वजन किमान ५० किलो, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम (१०० मिली रक्तात), स्वतःचा प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळी घेतलेली नको. अंगदुखीवर सहज घेतलेली गोळीही सांगा, कारण त्या गोळीने प्लेटलेट संख्येने तेवढ्याच दिसतात पण चिकटण्याचे काम करत नाहीत. आणि कोपरापाशी शीर ठसठशीत हवी. शीर बारीक असेल तर ते आधीच सांगा. यंत्रावर चढवलेला संच एकदाच वापरता येतो आणि महाग असतो. सुई लागली नाही किंवा मध्येच शीर बंद पडली तर तो संच फुकट जातो आणि रुग्णाच्या घरच्यांची घालमेल वाढते.

प्लेटलेट देताना ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. रक्त यंत्रात गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते परत येताना रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. मुंग्या आल्या की लगेच सांगा. तंत्रज्ञ यंत्राचा वेग कमी करतो, कॅल्शियमची गोळी देतो आणि काही मिनिटांत बरे वाटते. ‘थोडेच तर आहे’ म्हणून सोसत बसलात तर हातपाय वळायला लागतात.

जेवणाचे पथ्य इथे सर्वांत जास्त. उपाशी यायचे नाही, पण भजी, वडा, तुपातला शिरा खाऊनही यायचे नाही. तेलकट खाल्ल्यावर दोन-तीन तासांत प्लाझ्मा दुधासारखा पांढरा होतो. तपासण्यांत अडथळा येतो आणि पिशवी टाकून द्यावी लागू शकते. भाकरी, वरण, भाजी, केळे असे साधे खा. शेंगाची चटणी त्या दिवशी तेल न घालता चिमूटभरच.

आधी रक्ताचा नमुना घेऊन काउंट, गट आणि एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या होतात, मग यंत्र लागते. म्हणून जाताना अर्धा दिवस धरूनच जा.

तुम्हाला परत का पाठवले, ते आता कळेल. पूर्ण रक्त दिल्यानंतर २८ दिवस प्लेटलेट देता येत नाहीत. उलट बाजूनेही तेच: प्लेटलेट दिल्यावर पूर्ण रक्तासाठी २८ दिवस थांबायचे, आणि यंत्र मध्येच बंद पडून तांबड्या पेशी पुऱ्या परत आल्या नसतील तर ९० दिवस. प्लेटलेट पुन्हा ४८ तासांनीही देता येतात, पण आठवड्यात दोनदाच आणि वर्षात २४ वेळाच. पूर्ण रक्तासाठी पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस. तुम्हाला परत पाठवण्यात कुणाचा आडमुठेपणा नव्हता.

यावरून तुमचे वर्ष असे मांडता येईल. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास एक पूर्ण रक्त. मग ९० दिवस सोडून एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये दुसरे. हे दुसरे दान फार मोलाचे आहे. कॉलेजांना सुट्टी, लग्नसराई, ऊन, यामुळे शिबिरे होत नाहीत आणि शस्त्रक्रिया, बाळंतपणे काही थांबत नाहीत. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या आत द्या, आधी अर्धा लिटर पाणी प्या, नंतर दिवसभर पाण्याची बाटली जवळ ठेवा. जूननंतर शिबिर नको. ऑगस्ट ते नोव्हेंबर प्लेटलेटसाठी मोकळे राहा. या चार महिन्यांत हाक आली नाही तर डिसेंबरमध्ये हवे तर एक पूर्ण रक्त द्या, मग जानेवारीचे दान मार्चवर ढकला.

गणेशोत्सवात, जयंत्यांना, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला एकाच आठवड्यात शेकडो पिशव्या जमतात. तांबड्या पेशींचे ३५ किंवा ४२ दिवस सगळ्यांचे एकदमच संपतात, आणि त्या दात्यांना पुढचे तीन महिने बोलावता येत नाही. मंडळांनी शिबिर घेऊ नये असे म्हणायचे नाही. रक्तपेढीला आधी विचारून तारीख ठरवावी, दोनशे दात्यांचे दोन-तीन शिबिरांत वाटे करावेत, आणि पाचपंचवीस जणांची प्लेटलेटसाठी वेगळी यादी करावी. ज्या मंडळाने एवढे केले, त्याने खूप केले.

डेंग्यूबद्दल एक गोष्ट दात्यांनीही जाणून असावी. रक्तस्राव नसेल तर काउंट दहा हजारांखाली गेल्यावरच प्लेटलेट चढवण्याचा विचार होतो. चाळीस हजार काउंट आहे म्हणून घाबरून रात्री दाते शोधणारे नातेवाईक दरवर्षी दिसतात. त्या रुग्णाला बहुधा नीट सलाईन आणि लक्ष हवे असते. रुग्णालयाने मागितले तर जरूर जा, पण ‘रक्तस्राव आहे का, काउंट किती, साध्या प्लेटलेट मिळत नाहीत का’ हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. चार-सहा साध्या पिशव्यांनी भागत असेल तर एसडीपीचा खर्च त्या कुटुंबावर कशाला? एसडीपीचा खरा उपयोग रक्ताचा कर्करोग, अप्लास्टिक ॲनिमिया (हाडांच्या मगजात रक्तपेशी पुरेशा न बनणे) अशा रुग्णांना, ज्यांना आठवड्यामागून आठवडा प्लेटलेट लागतात. अनेक दात्यांच्या पेशी अंगात गेल्या की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढे चढवलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत. अशांना एकाच दात्याची पिशवी मिळाली तर तो धोका कमी होतो. नाव नोंदवताना ‘डेंग्यूलाच नाही, कॅन्सरच्या रुग्णालाही येईन’ असे सांगा.

प्लाझ्मा. यंत्राने नुसता प्लाझ्मा काढता येतो, एका वेळी ५०० मिलीपर्यंत, महिन्यात एक लिटरपर्यंत. पण पूर्ण रक्तातून निघणारा प्लाझ्मा साधारणपणे गरज भागवतो आणि उरलेला अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, फॅक्टर ८ अशी औषधे बनवायला जातो. कोविडच्या काळात प्लाझ्मा दात्यांसाठी झालेली धावपळ अनेकांच्या डोक्यात अजून आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. एबी गटाचा प्लाझ्मा कोणत्याही गटाला चालतो, म्हणून एबी गटाच्या पुरुषाला कधी खास बोलावणे येऊ शकते. तुम्ही बी आहात, हा विषय सोडून द्या.

गटावरून आणखी थोडे. बी पॉझिटिव्ह आपल्याकडे भरपूर आढळतो आणि तेवढाच लागतोही, त्यामुळे ‘माझा गट साधाच’ असे मानू नका. निगेटिव्ह गटाच्या दात्यांनी गर्दीच्या शिबिरात देण्यापेक्षा पेढीशी संपर्कात राहून साठा कमी झाला की द्यावे. बॉम्बे गटाची गोष्ट त्याहून नाजूक. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी हा गट प्रथम नोंदवला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्याला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. अशा व्यक्तीचे रक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसालाच लागते, म्हणून तिने नाव नोंदवून ठेवावे आणि बोलावल्यावरच द्यावे.

आता पत्नीबद्दल. आधी पाहायचे की बाळ अंगावर पिते का. स्तनपान चालू असेपर्यंत आणि बाळंतपणानंतर १२ महिने रक्त घेत नाहीत. पाळीच्या दिवसांतही नाही. प्लेटलेटसाठी तिचे वजन ५० च्या खाली आहे, म्हणून तो प्रश्न निकालात निघतो. वजन वाढले तरी मूल झालेल्या स्त्रीच्या प्लाझ्मात गर्भारपणात तयार झालेली प्रतिपिंडे असू शकतात. रुग्णाच्या फुप्फुसांना त्यामुळे गंभीर इजा होण्याचा धोका असतो, म्हणून अनेक पेढ्या प्लेटलेट-प्लाझ्मासाठी पुरुष दाते पसंत करतात. तांबड्या पेशींना तशी अडचण येत नाही.

खरा प्रश्न हिमोग्लोबिनचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. विड्या वळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या बायकांत तो काही कमी नसणार. शिबिरात बोटाच्या रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात, ते मोरचूद असते, विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेले. थेंब पंधरा सेकंदांत सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त. मध्ये रेंगाळला, वर आला तर कमी. बोट जोरात दाबून काढलेल्या थेंबात पातळ द्रव मिसळतो, थेंबात हवेचा बुडबुडा असला तरी तो तरंगतो, आणि धडधाकट दाता नापास होतो. शंका वाटली तर दंडातल्या रक्ताची यंत्रावर तपासणी करून घ्या. आणि खरेच कमी निघाले तर ‘थोडेच कमी आहे, घ्या हो’ असा हट्ट नको. ३५० मिलीतून दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते आणि शरीर जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषते. स्त्रियांना १२० दिवसांची मुदत आहे ती यासाठीच. मोड आलेली मटकी, पालेभाजी, अळीव, लिंबू पिळलेले वरण चालू ठेवा आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा टाळा. सोलापुरी माणसाला हे शेवटचे जड जाते, पण चहा लोह शोषू देत नाही.

एक ताकीद नातेवाइकांच्या दानाची. तुमच्या पत्नीला कधी रक्त लागले तर ते तुम्ही देऊ नका. पुढच्या गर्भारपणात बाळाला त्रास देणारी प्रतिपिंडे त्यातून तयार होऊ शकतात. भाऊ, आई, वडील यांचे रक्तही विकिरण केल्याशिवाय, म्हणजे पिशवीवर किरणांचा मारा केल्याशिवाय, चढवत नाहीत, कारण जवळच्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून घातक ठरू शकतात. घरच्यांनी द्यायचे ते साठ्यात द्यावे, रुग्णाने साठ्यातले घ्यावे.

तुमच्या कामाचे विसरू नका. रात्रपाळी करून झोप न घेता रक्त देऊ नका, पूर्ण असो वा प्लेटलेट. नियमातही तसेच आहे. पाळीला सुट्टी असेल तेव्हाच द्या, निदान पुढचे २४ तास मागावर उभे राहायचे नाही अशा बेताने. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरलाही हेच लागू. एकादशी, श्रावणी सोमवार, रोजा यातले काही असेल तर तो दिवस सोडा. आषाढीला पंढरपूरला पुण्य म्हणून उपाशीपोटी रक्त देणारे चक्कर येऊन पडतात, ते द्वादशीला जेवून द्या. शेवटचे जेवण चार तासांच्या आत झालेले असावे.

गोंदवून किंवा कान टोचून १२ महिने, मलेरियानंतर ३ महिने, डेंग्यू-चिकुनगुन्यानंतर ६ महिने, टायफॉइडनंतर १२ महिने, दात काढल्यावर ६ महिने थांबायचे. गल्लीतला तो तरुण बरा झाल्यावर लगेच रक्त द्यायला निघाला तर त्यालाही हे सांगा.

नाव नोंदवायला सिव्हिलच्या किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही परवानाधारक रक्तपेढीत जा. एसडीपीचे यंत्र तिथे आहे का ते आधी विचारा, सगळीकडे नसते. गट, वजन, शेवटच्या दानाची तारीख, कोणत्या आठवड्यात दिवसपाळी आहे आणि किती वेळात पोहोचू शकता, एवढे लिहून द्या. शिरा एकदा तपासून घ्या. मागच्या शिबिराचे कार्ड बरोबर न्या, त्यावरची तारीख बघून २८ दिवसांचा हिशेब ते तिथेच करून देतील.